खूण पुसल्यावर पटणारी ओळख
वाचकांचे प्रश्न : नियामक टी पेशी आणि जनुकांवरच्या खुणा

ऑक्टोबर २०२५ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मेरी ब्रुन्को, फ्रेड राम्सडेल आणि शिमोन साकागुची या तिघांना जाहीर झाले, तेव्हापासून या सदराकडे नियामक टी पेशींविषयी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याला आवर घालणाऱ्या पांढऱ्या पेशींविषयी, बरीच पत्रे आली. सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी सहा येथे घेतली आहेत. जागेअभावी पत्रांचा मजकूर आखडता घेतला आहे. प्रश्नांचा रोख बदललेला नाही.

प्रश्न : पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक, असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवले. आता वाचतो की या सैनिकांना आवरणाऱ्याही पेशी असतात. एवढी मोठी गोष्ट इतक्या उशिरा कशी कळली?
– निवृत्त शिक्षक, बार्शी

उत्तर : ती उशिरा कळली यापेक्षा, एकदा कळून पुन्हा अविश्वासात बुडाली, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल. १९७० च्या दशकात ‘सप्रेसर टी पेशी’ या नावाने अशा आवरणाऱ्या पेशींवर पुष्कळ लिहिले गेले. त्यांची ओळख म्हणून ‘आय-जे’ नावाचा एक रेणू सांगितला जात असे. पुढे १९८० च्या दशकात, त्या रेणूचे जनुक जिथे असायला हवे होते तो डीएनएचा भाग प्रत्यक्ष तपासला गेला, तेव्हा तिथे असे जनुकच सापडले नाही. ओळखपत्र खोटे निघाल्यावर पेशींवरचाही विश्वास उडाला, आणि या विषयावर काम करणाऱ्याकडे सहकारी शंकेने पाहू लागले.

साकागुची मात्र एका जुन्या प्रयोगाला धरून राहिले. टी पेशी ज्या ग्रंथीत घडतात ती थायमस ग्रंथी छातीच्या हाडामागे असते. उंदराच्या पिलाची ही ग्रंथी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी काढून टाकली, तर त्याची प्रतिकारशक्ती केवळ दुबळी व्हावी अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ती स्वतःच्याच अवयवांवर उलटत असे. अशा पिलांना निरोगी उंदराच्या टी पेशी टोचल्या की रोग टळत असे. म्हणजे टी पेशींच्या गर्दीतच आवरणाऱ्या पेशी होत्या. प्रश्न त्यांना वेगळे ओळखण्याचा होता. १९९५ मध्ये साकागुचींनी दाखवून दिले की सीडी४ प्रकारच्या टी पेशींपैकी ज्यांच्या पृष्ठभागावर सीडी२५ हे प्रथिन असते, त्या या कामाच्या आहेत. सीडी४ पेशींत त्यांचे प्रमाण साधारण पाच ते दहा टक्के असते.

दुसरा धागा अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या ओक रिज येथून निघतो. तेथील उंदरांच्या एका वंशात १९४९ मध्ये खपल्या धरलेल्या त्वचेची, फुगलेल्या प्लीहेची नर पिले जन्मू लागली आणि काही आठवड्यांतच दगावू लागली. त्यांना ‘स्कर्फी’ हे नाव पडले. केवळ नरच आजारी पडत असल्याने दोष एक्स गुणसूत्रावर आहे, हे उघड होते. पण उंदराचे एक्स गुणसूत्र डीएनएच्या सुमारे सतरा कोटी अक्षरांचे आहे. ब्रुन्को आणि राम्सडेल यांनी वॉशिंग्टन राज्यातील एका कंपनीत काम करताना ही जागा सुमारे पाच लाख अक्षरांपर्यंत आवळत आणली. त्या पट्ट्यात वीस जनुके होती. ती एकेक करून तपासली आणि दोष सापडला तो विसाव्यात, म्हणजे अगदी शेवटच्या जनुकात. (एकोणिसावे जनुक निर्दोष निघाले त्या संध्याकाळी त्या प्रयोगशाळेत काय बोलणे झाले असेल, याची मला नेहमी उत्सुकता वाटते.) या जनुकाला पुढे फॉक्सपी३ हे नाव मिळाले. २००१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी, लहान मुलांत मधुमेह, न थांबणारे जुलाब आणि इसब एकत्र घेऊन येणारा ‘आयपेक्स’ हा दुर्मीळ आजारही याच जनुकातील बिघाडाने होतो, हे स्पष्ट झाले. २००३ मध्ये दोन्ही धागे जुळले : साकागुचींच्या पेशींना त्यांचा स्वभाव देणारे जनुक फॉक्सपी३ हेच होते.

प्रश्न : सर्व पेशींत जनुके तीच असतात, असे मुलाच्या पुस्तकात वाचले. मग एक टी पेशी हल्ला करते आणि दुसरी तिला थांबवते, हे कसे? ‘एपिजेनेटिक’ या शब्दाचा अर्थ आमच्यासारख्याला कळेल असा सांगावा.
– जकार्ड मागावर काम करणारे एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर : आपल्यासारख्याला हे इतरांपेक्षा लवकर कळेल, असे मला वाटते, कारण आपण रोज तेच काम करता. चादरीचा ताणा मागावर एकदा चढवला की धागे तेच राहतात. मोर उमटायचा की नुसती वेलबुट्टी, हे कार्डांवरची छिद्रे ठरवतात : छिद्र असेल तिथला हूक उचलला जातो आणि त्याला बांधलेला धागा वर येतो, छिद्र नसेल तिथला धागा खालीच राहतो. धागा मागावर आहे, शाबूत आहे, पण नक्षीत तो दिसत नाही. जनुकांचे असेच असते. डीएनएतील मजकूर न बदलता कोणते जनुक ‘उचलले’ जावे हे ठरवणाऱ्या ज्या रासायनिक खुणा असतात, त्यांच्या अभ्यासाला एपिजेनेटिक्स म्हणतात. हा शब्द या अर्थाच्या जवळपास प्रथम वापरला तो कॉनरॅड वॉडिंग्टन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने, १९४२ मध्ये.

या खुणा मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिली मिथाइल गटाची. डीएनएच्या चार अक्षरांपैकी सायटोसिन या अक्षराला, विशेषतः त्याच्या पुढे ग्वानिन असेल तेव्हा, एक लहानसा मिथाइल गट चिकटतो. जनुकाच्या नियंत्रण-पट्ट्यात अशी अक्षरे दाटीने मिथाइलयुक्त झाली की ते जनुक सहसा मिटते. म्हणजे कार्डावरचे छिद्र चिकटपट्टीने बुजवल्यासारखे होते. दुसरी खूण हिस्टोन प्रथिनांवर असते. डीएनए हिस्टोनच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, दर रिळावर साधारण १४७ अक्षर-जोड्या. रिळांच्या शेपटांवर ॲसिटिल गट लागले की गुंडाळी सैल होते आणि जनुक वाचता येते. ते निघाले की ती पुन्हा घट्ट होते.

आता फॉक्सपी३ जनुकाकडे येऊ. त्याच्या आत आणि आसपास, स्वतः प्रथिन न घडवणारे पण जनुकाचे नियंत्रण करणारे काही पट्टे आहेत. २०१० मध्ये अलेक्झांडर रुडेन्स्की यांच्या गटाने उंदरांत यांतील तीन पट्टे एकेक करून कापून पाहिले. तिसरा पट्टा नसला तर थायमसमध्ये नियामक पेशी फार कमी घडतात, म्हणजे तो जनुक प्रथम चालू करण्याच्या कामाचा. पहिला नसला तर थायमसमध्ये पेशी नीट घडतात, पण आतड्यात नव्याने घडणाऱ्या कमी होतात. दुसरा पट्टा सर्वांत विलक्षण. तो नसताना फॉक्सपी३ वेळेवर चालू होते, पेशीही रीतसर घडतात, मात्र त्या विभागत गेल्या की त्यांच्या लेकी-नातींना आपण कोण होतो याचा विसर पडत जातो.

या दुसऱ्या पट्ट्यावरची खूण जर्मन संशोधकांनी २००७ मध्येच दाखवली होती. साध्या टी पेशींत हा पट्टा मिथाइल गटांनी भरलेला असतो. थायमसमध्ये घडलेल्या पक्क्या नियामक पेशींत त्यावरचे हे गट जवळजवळ पूर्ण पुसलेले असतात. पुसलेल्या पट्ट्यावर इतर प्रथिनांसोबत खुद्द फॉक्सपी३ प्रथिनही येऊन बसते आणि आपल्याच जनुकाला चालू ठेवते. येथे मागाची उपमा संपते, हे आपल्या लक्षात आले असेलच. कार्ड कापडाच्या बाहेर असते, आणि विणलेला मोर उठून पुढचे कार्ड पंच करत नाही. पेशीत मात्र नेमके तेच घडते. शिवाय पेशी विभागते तेव्हा डीएनएच्या नव्या धाग्यावर खुणा नसतात. डीएनएमटी१ नावाचे विकर जुन्या धाग्याकडे पाहून त्या नव्यावर उतरवते, आणि टेट नावाची विकरे मिथाइल खुणा पुसण्याचे काम करतात. लिहिणारे आणि पुसणारे असे दोघेही पेशीत एकाच वेळी हजर असतात, आणि कोणाचा हात वर राहतो यावर पेशीची ओळख ठरते.

प्रश्न : प्रयोगशाळेत साध्या टी पेशींना टीजीएफ-बीटा (पेशींना संदेश देणारे एक प्रथिन) दिले की त्या फॉक्सपी३ बनवू लागतात. मग अशा पेशी हव्या तेवढ्या तयार करून रुग्णाला का देत नाहीत?
– एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : २००३ पासून ही कृती माहीत आहे आणि ती पाहिल्यावर प्रत्येकाला प्रथम हाच प्रश्न पडतो. अडचण अशी की त्या पेशी फॉक्सपी३ बनवतात, पण त्यांचा दुसरा पट्टा मिथाइल गटांनी भरलेलाच राहतो. टीजीएफ-बीटा काढून घेऊन पेशींना पुन्हा उद्दीपित केले की त्यांतल्या बहुतेक पेशी फॉक्सपी३ सोडून देतात. मानवी पेशींत तर घोटाळा आणखी एका पायरीने वाढतो : हल्ल्यासाठी उठलेली साधी टी पेशीही काही काळ थोडे फॉक्सपी३ दाखवते. म्हणून ‘फॉक्सपी३ दिसले, म्हणजे नियामक पेशी’ हे समीकरण निदान माणसाच्या बाबतीत तरी सोडून द्यावे लागते. माझ्या मते हे या विषयाचे मर्म आहे, आणि नोबेलच्या बातम्यांत नेमके तेच हरवले. जनुक शोधल्याचे कौतुक झाले, ते योग्यच. पण जनुक चालू होणे ही एक घटना आहे आणि ते चालू राहील अशी व्यवस्था पेशीत बसणे ही दुसरी.

या दोन घटना वेगळ्या आहेत, हे २०१२ मध्ये साकागुचींच्याच गटाने नीट मांडले. नियामक पेशींत केवळ फॉक्सपी३ च नव्हे, तर सीडी२५, सीटीएलए४, हेलिओस, इऑस अशा प्रथिनांच्या जनुकांवरही मिथाइल खुणा ठरावीक जागी पुसलेल्या असतात. हे पुसणे फॉक्सपी३ नसतानाही घडू शकते, आणि केवळ फॉक्सपी३ घातल्याने घडत नाही. थायमसमध्ये पेशीचा ग्राहक-रेणू स्वतःच्या शरीरातील प्रथिनांशी पुरेसा वेळ जोडलेला राहतो, तेव्हा ही खाडाखोड होत जाते. पुढे २०१७ मध्ये दिसले की तिची पूर्वतयारी सॅटबी१ नावाचे प्रथिन फॉक्सपी३ उमटण्याच्याही आधी करते. टी पेशींत सॅटबी१ नसलेल्या उंदरांत नियामक पेशी नीट घडत नाहीत आणि प्रतिकारशक्ती स्वतःवर उलटते.

आपण पुढचा तर्क केलाच असेल : मग तो पट्टा मुद्दाम पुसून का टाकू नये? तेही करून झाले आहे. क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्रातील कॅस९ या प्रथिनाच्या, डीएनए न कापणाऱ्या रूपाला टेट विकराचा तुकडा जोडून तो मानवी टी पेशींत नेमक्या याच पट्ट्यावर नेऊन बसवला गेला. पट्टा पुसला गेला, फॉक्सपी३ नैसर्गिक पेशींइतके उमटलेही. पण त्या पेशी दुसऱ्या टी पेशींना आवरेनात. एक खूण पुसून संपूर्ण स्वभाव येत नाही, तो अनेक ठिकाणच्या खुणांचा मिळून असतो, हे या प्रयोगाने चांगलेच दाखवले. अपयशी प्रयोगांतला तो मला सर्वांत उपयुक्त वाटतो.

म्हणून उपचारांच्या चाचण्यांत रुग्णाच्या किंवा दात्याच्या रक्तातून, अथवा नाळेच्या रक्तातून, नैसर्गिक नियामक पेशीच निवडून वाढवण्याकडे कल राहिला आहे. निवडतानाही एक पेच असतो. फॉक्सपी३ केंद्रकात असते आणि ते रंगवून पाहायचे तर पेशीला भोके पाडून मारावे लागते. जिवंत पेशी निवडण्यासाठी मग सीडी२५ भरपूर आणि सीडी१२७ कमी, अशी बाहेरची ओळख वापरतात, आणि वाढवलेल्या पेशींचा थोडा नमुना बाजूला काढून त्यात दुसरा पट्टा पुसलेला आहे ना, हे तपासतात.

प्रश्न : मला आठ वर्षांपासून हातापायांच्या सांध्यांचा आमवात आहे, डॉक्टर रुमॅटॉइड म्हणतात. एका ओळखीच्या विक्रेत्याने ‘एपिजेनेटिक’ असे लिहिलेली पूड आणली आहे आणि सोबत व्हिटॅमिन सी च्या मोठ्या गोळ्या घ्यायला सांगितल्या आहेत. ज्वारीच्या भाकरीनेही या पेशी वाढतात, असे तो म्हणतो. खरे काय?
– गृहिणी, मंगळवेढा

उत्तर : सर्वांत आधी : सुरू असलेले औषध आपल्या डॉक्टरांना न विचारता कमी किंवा बंद करू नका. रुमॅटॉइड आमवातात सांध्याची झीज वेदनेच्या मागे लपून पुढे सरकत राहते, आणि झिजलेला सांधा मागून घेतलेल्या औषधाने भरून येत नाही.

विक्रेत्याच्या बोलण्यात खऱ्याचा अंश आहे, म्हणूनच ते फसवे आहे. व्हिटॅमिन सी पासून सुरुवात करू. वर ज्या टेट विकरांचा उल्लेख आला, त्यांना काम करताना लोह आणि व्हिटॅमिन सी लागते. २०१६ च्या सुमारास प्रयोगशाळेतील भांड्यात वाढणाऱ्या टी पेशींना व्हिटॅमिन सी दिले असता फॉक्सपी३ चा दुसरा पट्टा अधिक पुसला गेला आणि पेशी अधिक स्थिर झाल्या, हे खरे आहे. पण भांड्यातील पेशीला आपण द्याल तेवढे व्हिटॅमिन मिळते. शरीरात आतडे ते ठरावीक मर्यादेपर्यंतच शोषते आणि उरलेले मूत्रपिंड बाहेर टाकते. मोठ्या मात्रेने काही जणांना मूतखड्याचा त्रास होण्याची शक्यता वाढते. मोठ्या गोळ्यांनी आमवात आटोक्यात येतो, असे या प्रयोगांवरून म्हणता येत नाही.

भाकरीचे प्रकरण अधिक रंजक आहे. धान्य, डाळी आणि भाज्यांतील जो तंतुमय भाग आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यातील जिवाणू आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचे लहान आम्ल तयार होते. २०१३ मध्ये जपानी आणि अमेरिकी गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की ब्युटिरेटमुळे उंदरांच्या आतड्यात नियामक पेशी वाढतात. हिस्टोनवरचे ॲसिटिल गट काढून टाकणाऱ्या विकरांना ब्युटिरेट अडवते, त्यामुळे फॉक्सपी३ च्या परिसरातील गुंडाळी सैल राहते आणि जनुक चालू होणे सोपे जाते. मागच्या एका उत्तरातील पहिला पट्टा, जो आतड्यातील नव्या पेशींसाठी लागतो, तो येथे कामाला येतो. तेव्हा मंगळवेढ्याची मालदांडी आणि हे संशोधन यांचा दूरचा संबंध नक्कीच आहे. परंतु हे उंदरांच्या आतड्यात दिसले. माणसाच्या बोटांच्या सांध्यांपर्यंतची वाट लांब आहे आणि ती अजून कोणी चालून दाखवलेली नाही. भाकरी, डाळी, पालेभाजी अवश्य खावी, आपल्याकडे ते आहेच.

पुडीविषयी माझे मत स्पष्ट आहे. एपिजेनेटिक बदल घडवणे हे काही दुर्मीळ यश नव्हे. अन्न, झोप, तंबाखू, धूर अशा कितीतरी गोष्टी ते घडवतात, आणि तंबाखूच्या खुणा तर रक्तात वर्षानुवर्षे वाचता येतात. कोणत्या पेशीत, कोणत्या जनुकावर आणि किती काळ, हे जी पुडी सांगत नाही, तिच्यावरचा तो शब्द म्हणजे निव्वळ सजावट समजावी.

प्रश्न : आवरणाऱ्या पेशी इतक्या चांगल्या, तर त्या सर्वांतच वाढवणारे औषध का काढत नाहीत?
– औषध विक्रेता, पंढरपूर

उत्तर : कारण त्या चांगल्या किंवा वाईट नसतात, त्या फक्त आवरतात. अनेक कर्करोगांच्या गाठींत नियामक पेशी दाटीने आढळतात आणि गाठीवर चालून आलेल्या पेशींना थोपवतात. तिथे त्यांची ओळख मोडणे हेच उद्दिष्ट असते. हिस्टोनवर जनुक मिटवणारी मिथाइल खूण लावणारे ईझेडएच२ हे विकर रोखून पाहणे अशा कामासाठी तपासले जात आहे. २०१५ मध्ये उंदरांत दिसले की उद्दीपित झालेल्या नियामक पेशींना आपली ओळख टिकवायला ते लागते. दुसऱ्या बाजूला, डीएनएवरच्या मिथाइल खुणा सर्रास पुसणारे ॲझासायटिडीन हे औषध अमेरिकेत २००४ पासून अस्थिमज्जेच्या एका आजारावर मान्य आहे आणि अस्थिमज्जारोपणानंतर ते दिलेल्या रुग्णांत नियामक पेशी वाढलेल्याही दिसल्या आहेत. पण ते फॉक्सपी३ निवडून पुसत नाही. सगळ्या जनुकसंचावरून ओला बोळा फिरवते. कर्करोगाच्या रुग्णात ही जोखीम पत्करता येते, सांधेदुखीच्या रुग्णात नाही.

प्रश्न : एका प्रकल्पात आम्ही रक्तातील नियामक पेशी फॉक्सपी३ च्या पुसलेल्या पट्ट्यावरून मोजतो. स्त्रियांचे आकडे पुरुषांच्या जवळजवळ निम्मे येतात. नमुन्यात चूक आहे की पद्धतीत?
– प्रयोगशाळा तंत्रज्ञ, होटगी रोड

उत्तर : चूक दोन्हींत नाही, गणितात एक पायरी राहिली आहे. फॉक्सपी३ एक्स गुणसूत्रावर आहे. पुरुषाच्या पेशीत एक्स एकच, त्यामुळे प्रत्येक नियामक पेशीमागे एक पुसलेली प्रत मिळते. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत एक्स दोन असतात आणि त्यांतले एक गर्भावस्थेतच मिटवलेले असते. त्या मिटलेल्या प्रतीवरचा पट्टा नियामक पेशीतही मिथाइलयुक्तच राहतो. म्हणजे पेशी पक्की नियामक असली तरी तिच्या दोनपैकी एकच प्रत पुसलेली दिसते. स्त्रियांच्या नमुन्यातील पुसलेल्या प्रतींचे प्रमाण दोनने गुणावे : तीन टक्के आले असेल, तर पेशी सहा टक्के आहेत. दात्याची नोंद ‘स्त्री’ की ‘पुरुष’ हे नळीवर लिहिले आहे ना, तेवढे मात्र गुणाकाराआधी पाहून घ्यावे.